म्, ऊ, आ, ई, श्, स् आणि आमच्या सासूबाई

सकाळी सात वीसला आमच्या स्वयंपाकघरात परीक्षा असते. ठकू (माझी चार वर्षांची लेक, जन्मापासून बहिरी, कानाच्या मशीनने ऐकते) ओट्याकडे पाठ करून स्टुलावर बसते, मांडीवर एक रिकामी वाटी, दुसऱ्या वाटीत मूठभर परमल (म्हणजे चुरमुरे हो, इंदुरात सगळे परमलच म्हणतात), मी मागून नेहमीच्या आवाजात "म्ऽऽ" म्हणते, तिने ऐकायचं, तोच आवाज काढायचा आणि एक दाणा रिकाम्या वाटीत टाकायचा. मग ऊ, आ, ई, श्श, स्स. क्रम रोज बदलायचा, मधे कधी दोन सेकंद गप्प बसायचं कधी दहा, नाहीतर ही बाई अंदाजाने दाणे टाकत सुटते. सगळं बरोबर आलं की परमल खायचे आणि मग पोहे.

हे सहा आवाज मी शोधलेले नाहीत. डॅनियल लिंग म्हणून कॅनडातले एक शिक्षक होते, बहिऱ्या मुलांना बोलतं करण्यात त्यांचा जन्म गेला, त्यांनी हे निवडले, कारण आपल्या बोलण्यात जाड-बारीक जेवढे म्हणून आवाज येतात ते या सहांच्या पट्ट्यात बसतात. म् सगळ्यात खालचा, 250 हर्ट्झच्या आसपास, स् सगळ्यात वरचा, 4000 च्याही पुढचा. सहाही आले तर आज मशीन ठीक आहे, दिवसभर भरपूर बोलायला मोकळे. एखादा गळला तर कुठला गळला त्यावरून बिघाड कुठंय ते साधारण कळतं.

गेल्या उन्हाळ्यात एक दिवस स् गळला. मी "स्स" म्हणते आणि ठकू आपली खिडकीतल्या चिमणीकडे बघत बसलीये. पुन्हा म्हणलं, नाही. श् ला दाणा पडला पण विचार करून करून पडला. माझ्या पोटात गोळा, आधी बॅटरी बदलली, मग कॉइलची (डोक्याला चिकटते ती चकती) वायर बदलली, तरी नाही, शेवटी नवऱ्याने मशीनच्या माइकवरची इवलीशी जाळी बदलली (घाम आणि धूळ बसून बसून ती बुजली होती) आणि लगेच "स्स" म्हणत दाणा वाटीत. तेव्हा आठवलं की आठ-दहा दिवस ती शेव मागताना "एव" म्हणत होती आणि आम्ही समजत होतो लाडात आलीये. म्हणजे आठ-दहा दिवस तिच्यासाठी जगातून स् नाहीसा आणि श् पुसट झाला होता, आणि तिने तक्रार केली नाही, कारण तिला वाटलं असणार शेवेचं नाव आता एवच आहे. त्या दिवसापासून मी परीक्षा कितीही घाई असली तरी चुकवत नाही.

हे सगळं लिहायला बसले त्याचं कारण वेगळंच आहे. परवा मॅपिंगला गेलो होतो (मॅपिंग म्हणजे कॉम्प्युटरला जोडून मशीनचे आवाज कमीजास्त करतात ते), तिथे बाकावर देवासहून आलेली एक आई भेटली, मुलगा दीड वर्षाचा, ऑपरेशन व्हायचंय. ती माझ्याशी आधी हिंदीत बोलत होती, ठकूने "आई शू" म्हटल्यावर एकदम मराठीत आली आणि हळू आवाजात विचारलं, "ताई, याच्याशी मराठी बंद करू का? सगळे म्हणतात एकच भाषा ठेवा, हिंदी ठेवा." माझा नंबर आला म्हणून मी घाईत "नका करू" एवढंच म्हणाले. घरी येईपर्यंत मला राहून राहून वाटत होतं की अर्धवट सांगितलं. ते पूर्ण सांगायचं तर पहिल्यापासून सांगायला लागेल.

ठकू आठ महिन्यांची असताना कुकरची शिट्टी झाली की वळून बघायची. आम्ही खूश. खूप नंतर लक्षात आलं की ती शिट्टीकडे वळतच नव्हती, शिट्टी झाली की मी हातातलं काम टाकून गॅसकडे जायचे, ती माझ्याकडे बघायची. हुशार मूल आई-बापाला असं फसवतं आणि त्याला बिचाऱ्याला माहीतही नसतं. दहाव्या महिन्यात मला शंका आली तेव्हा घरात थाळी वाजवायची टेस्ट झाली, सगळ्यांच्याच घरी होते. मोठ्या जाऊबाईंनी मागे उभं राहून स्टीलची थाळी आपटली, ठकू वळली, झालं, "ऐकू येतंय गं, उगाच काय." अहो पण थाळी जमिनीवर आपटली की फरशी थरथरते, भिंतीवर सावली हलते, आणि समोर बसलेल्या चार जणांचे डोळे एकदम मागे जातात. त्यात कानाचा काय संबंध? मग पुढचे चार महिने "यांचे काका पण तीन वर्षांचे होईपर्यंत बोलले नव्हते" यावर काढले. ते काका प्रत्येक घरात असतात असं माझं मत झालंय.

हॉलीवूडचा नट स्पेन्सर ट्रेसी, त्याच्या बायकोला, लुईसला, मुलाचं असंच कळलं होतं, दार धाडकन आपटलं आणि बाळ जागं झालं नाही. तिने पुढे 1942 मध्ये लॉस एंजेलिसला मुलाच्या नावाने क्लिनिक काढलं आणि जगभरच्या आई-बापांना पोस्टाने धडे पाठवायला सुरुवात केली, घरी मुलाशी कसं बोलायचं याचे, तेही फुकट. हे मी रात्री दोन वाजता फोनवर वाचलं होतं. का कुणास ठाऊक पण त्या रात्री पहिल्यांदा जरा झोप लागली.

चौदाव्या महिन्यात बेरा टेस्ट. तिला मूल गाढ झोपलेलं लागतं, डोक्याला वायरी चिकटवतात, कानात आवाज सोडतात आणि मेंदूपर्यंत काही पोचतंय का ते बघतात. आदल्या रात्री एकपर्यंत जागवा, पहाटे उठवा, असं सांगितलेलं. जागवलं, उठवलं, आणि पोरगी स्कूटरवर गीता भवन चौकाच्या सिग्नलला झोपली ती तिथे पोचल्यावर टक्क जागी. औषध पाजलं, दोन तास कॉरिडॉरमध्ये फेऱ्या. शेवटी झोपली, आणि 90 डेसिबलपर्यंत आवाज नेऊनसुद्धा कागदावर रेघा सपाट. 90 म्हणजे बँडवाल्याच्या शेजारी उभं राहिल्यासारखं.

आता इथे मला चिडायचंय थोडं. जन्मल्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एक ओएई नावाची तपासणी करता येते, झोपलेल्या बाळाच्या कानात छोटी बोंडी घालतात, टिकटिक सोडतात, चांगला कान त्याला स्वतःहून बारीकसा प्रतिध्वनी देतो आणि यंत्र तो पकडतं. दुखत नाही, बाळ शांत असेल तर काही मिनिटांचं काम. जिथे ठकू झाली त्या नर्सिंग होमने मसाज ऑइलचा गिफ्ट पॅक दिला, टेस्टचं नावही काढलं नाही. जगभर नियम एक-तीन-सहाचा आहे, पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत मशीन आणि शिकवणी सुरू. आमचं चौदाव्या महिन्यात निदानच झालं. कोणाच्या घरी बाळ व्हायचं असेल तर हे एक वाक्य लक्षात ठेवा बाकी काही नाही ठेवलं तरी चालेल, की ओएई मागून घ्या, आणि बाळ काचेच्या पेटीत राहिलं असेल, कावीळ जास्त झाली असेल तर बेरा पण मागून घ्या, कारण नसेत दोष असेल तर ओएई पास होऊ शकतं.

आमच्यात यातलं काहीच झालं नव्हतं. घराण्यात कोणी बहिरं नाही, ताप नाही, कावीळ नाही. एका मावशींनी ग्रहणात मी काय चिरलं होतं ते विचारून घेतलं. पुढे जनुकांचा रिपोर्ट आला, कनेक्झिन 26 मध्ये बिघाड, आई आणि बाप दोघांकडून एकेक बिघडलेली प्रत आली की मूल बहिरं जन्मतं, आणि आई-बापाला ऐकायला काही अडचण नसते म्हणून कोणाला कधी पत्ता लागत नाही. रिपोर्ट सासूबाईंनी मावशींना फोनवर वाचून दाखवला, अर्थ न कळता, पण आवाज असा लावला होता की मावशींनी ग्रहणाचा विषय पुन्हा काढला नाही.

सहा-सात महिने साधी कानाची मशीनं लावून पाहिली, फार फायदा दिसला नाही, मग कॉकलियर इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशन करून आतल्या कानात एक तार बसवतात आणि बाहेरून मशीन लावतात. ज्या अवयवात ही तार घालतात तो शंखासारखा गुंडाळलेला असतो, आत आवाज टिपणाऱ्या साधारण 15 हजार केसपेशी, आणि इम्प्लांटच्या तारेवर इलेक्ट्रोड असतात फार तर बावीस. 15 हजारांचं काम बावीस जणांनी करायचं, म्हणून जे ऐकू येतं ते आपल्यासारखं नसतं, मेंदूला ते नव्याने उलगडायला शिकावं लागतं. ऑस्ट्रेलियाचे ग्रॅम क्लार्क, ज्यांनी 1978 मध्ये मेलबर्नला आपलं असं पहिलं इम्प्लांट बसवलं, त्यांच्या स्वतःच्या वडिलांना ऐकायला कमी यायचं. तार त्या वळणदार शंखात आतपर्यंत सरकवायची कशी हे त्यांना सुचत नव्हतं, तर समुद्रावर सुट्टीत बसल्या बसल्या त्यांनी एका शंखात गवताची काडी घालून पाहिली, टोकाला लवचिक आणि मागे ताठ असलेली काडी वळणावळणाने आत गेली. मला ही गोष्ट फार आवडते. बायोपिकमध्ये दाखवली तर खोटी वाटेल.

पैशाचं थोडक्यात. केंद्राची अ‍ॅडिप योजना आहे आणि आपल्या मध्य प्रदेशात मुख्यमंत्री बाल श्रवण योजना आहे, दोन्हीत वयाची अट असते म्हणून कागदं आधी गोळा करा. आमच्याकडे हे खातं नवऱ्याचं होतं, तो फाइल घेऊन इतक्या वेळा गेला की एका ऑफिसातला शिपाई त्याला "आओ भाऊ" म्हणायला लागला.

ऑपरेशननंतर तीन-चार आठवड्यांनी मशीन चालू करतात, त्याला स्विच ऑन म्हणतात. त्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील, बाळ हसतं, आई रडते. आमच्या ठकूने ओठ पुढे काढले, कॉइल उपटली आणि माझ्या पदरात तोंड खुपसून भोकाड पसरलं. बस एवढंच. मशीन चालू करणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "आज हिचे कान जन्मले." म्हणजे मुलगी 26 महिन्यांची, कान शून्य दिवसांचे. खरं तर शून्याच्याही मागे, कारण ऐकणारं बाळ पोटात पाचव्या महिन्याच्या आसपासपासून आईचा आवाज ऐकत असतं, ते जन्माला येताना चार महिन्यांची उजळणी करून येतं.

आणि आता ते भाषेचं.

पहिल्या थेरपीच्या, म्हणजे ऐकायला-बोलायला शिकवतात त्या, ठिकाणी (नाव नको) आम्हाला सांगण्यात आलं की बच्ची से घर में सिर्फ हिंदी, दोन भाषा झाल्या की कन्फ्यूज होईल, शाळा हिंदी-इंग्लिशच असणार, मराठी काय करायचंय. आम्हाला पटलं. इंदुरात वाढलोय, हिंदी आम्हाला कोणी शिकवायला नको, दुकानात, ऑफिसात, भांडायला हिंदीच. पण घरात? घरात चार पिढ्या मराठी आहे, तीही कशी तर आमच्याच हिंदीने मुरलेली, पुण्याचे पाहुणे आले की हसतात. तरी दुसऱ्या दिवसापासून घरात हिंदी लागू झाली. "बेटा देखो, ये गिलास है। गिलास में पानी है।" मी ऐकलं स्वतःला, मला दूरदर्शनची उद्घोषिका झाल्यासारखं वाटत होतं. जे येतंय ते बोलत होते पण जे सुचतंय ते बोलत नव्हते, लक्षात येतंय का मला काय म्हणायचंय? वाक्यं सगळी गिलास आणि पानीची. "अगं अगं अगं सांडलं की सगळं, आता काय करायचं, पुसायचं कोणी, तू का मी?" हे हिंदीत माझ्या तोंडून निघेना.

पण मोठं नुकसान वेगळ्याच जागी झालं, आणि ते चार महिने कोणाच्या लक्षात आलं नाही. सासूबाई गप्प झाल्या. आमच्या सासूबाई म्हणजे आकाशवाणी. उठल्यापासून बोलतात, माणसाशी, देवाशी, मोहरीशी, दूधवाल्याच्या पाठीशी. "तापलं बाई तेल. आता मोहरी. तडतड तडतड, ऐक्लंस? आता जिरं. हिंग कुठं मेला, इथंच तर ठेवला होता." त्यांना आम्ही म्हणालो की आई, ठकूसमोर फक्त हिंदी हं. त्यांची हिंदी भाजीवालीपुरती, त्यांना वाटलं आपण चुकीचं काही बोललो तर पोरीचं नुकसान होईल, म्हणून ती खोलीत आली की त्या तोंड मिटून घ्यायच्या. घरातलं सगळ्यात जास्त बोलणारं माणूस आम्ही स्वतःच्या हाताने बंद केलं, आणि तेही अशा मुलीसाठी जिला शब्दांचीच भूक होती.

चार महिन्यांत आलेले शब्द मोजून सहा. मग आम्ही थेरपिस्ट बदलली. नव्या ताईंनी पहिल्याच दिवशी ठकूला काही विचारलं नाही, मला विचारलं, "हिने दुधाचं पातेलं उलटं केलं तर तुम्ही पहिलं काय ओरडता?" मी म्हणाले, "अगं भवाने!" त्या म्हणाल्या, "मग हीच तुमची भाषा, याच भाषेत बोला." स्वतः त्या हिंदीभाषी, भवाने म्हणजे काय ते त्यांना मी नंतर सांगितलं. त्यांचं म्हणणं एवढंच की मुलाला भाषा तीच लागते जी आई-बाप विचार न करता बोलतात, गाणी, रागावणं, थापा, सगळ्यासकट. ऐकायला एकदा आलं, एक भाषा घट्ट झाली की दुसरी तिच्या अंगावर चढते, आणि आता बऱ्याच थेरपिस्टांचं हेच मत आहे, मशीनवाली मुलं सुद्धा दोन भाषा शिकतात, फक्त दोन्ही भरपूर कानावर पडायला पाहिजेत. ताईंनी असंही सांगितलं की आठवड्यातून एक तास मी शिकवते ते ठकूला नाही, तुम्हाला. चेन्नईची बालविद्यालय ही शाळा 1969 पासून याच पायावर चाललीये, मुलासोबत आई पण रोज वर्गात.

त्या संध्याकाळी सासूबाईंना मराठीची परवानगी मिळाली. चार महिन्यांचं साठलेलं होतं, काय सांगू.

त्यांना थेरपीतला एकही शब्द माहीत नव्हता आणि निम्मी थेरपी त्या आपसूक करत होत्या. हातातलं काम बोलत बोलत करणं, हे तर झालंच. महत्त्वाचा शब्द किंचित गाऊन म्हणणं, "पडऽऽलं झाकण". तेच वाक्य चार वेगळ्या प्रकारे म्हणणं. पण काही गोष्टी त्यांनाही शिकाव्या लागल्या. एक म्हणजे आधी कान, मग डोळे. बेल वाजली की आपण आधी दाराकडे बोट करतो. तसं नाही, आधी थांबायचं, कानाशी हात न्यायचा, "ऐकलंस? कोण आलं?", मग दार उघडून दाखवायचं, आणि मग पुन्हा एकदा नुसतं ऐकवायचं. दाखवलं की मूल डोळ्याने शिकतं, कान आळशी राहतो. पूर्वी यासाठी, ओठ दिसू नयेत म्हणून, तोंडासमोर हात धरायचे म्हणे, आता फारसं करत नाहीत कारण हाताने आवाजच दबतो. बाजूला बसून एकाच वस्तूकडे बघत बोललं की काम होतं.

दुसरी गोष्ट थांबणं. प्रश्न विचारल्यावर मनात दहा आकडे मोजायचे, कारण त्या बावीस इलेक्ट्रोडमधून आलेलं उलगडायला वेळ लागतो. सासूबाईंचं तीनवर उत्तर स्वतःच देऊन व्हायचं. मग त्यांनी युक्ती काढली, प्रश्न विचारायचा आणि मनात "रामरक्षे"ची एक ओळ म्हणायची, तोंड देवाकडे लागलं की प्रश्नाचं उत्तर द्यायला मोकळं राहत नाही.

मराठीची एक गंमत मला ठकूमुळेच कळली. आपले सगळे महत्त्वाचे तुकडे शब्दाच्या शेपटीला असतात. डब्यात, डब्यावर, डब्याखाली, डब्यातून. आणि बोलताना आपला आवाज शेपटीलाच पडतो. हिंदीत "डिब्बे के नीचे" सुटं सुटं असतं, मराठीत चिकटलेलं. ठकूला "डब्या" ऐकू यायचं, पुढचं वाहून जायचं, ती दरवेळी डबा उचलून आणायची. दोन महिने आम्ही एक बाहुली आणि एक लाडवाचा डबा घेऊन डब्याऽऽत, डब्याऽऽवर करत होतो, नवरा म्हणायचा आता मला स्वप्नात डबा दिसतो. आला-आली-आलं तर अजून लढाई आहे. घरात ती बापाच्या मागे मागे असते म्हणून ती "मी आलो, मी जेवलो" म्हणायची. पण ही चूक मला गोड वाटली, कारण ती शिकवलेली नव्हती, ऐकलेली होती.

मग अंतर आणि गोंगाट. अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने पडतो, म्हणजे खोलीच्या त्या टोकावरून ओरडण्यापेक्षा जवळ जाऊन साधं बोललेलं बरं, ओरडलं की शब्द फाटतात. आणि इंदूरचा कूलर! एप्रिल ते जून घरघर घरघर, मशीनचा माइक तेच आधी पकडतो. आम्ही ठरवलं की ठकूच्या बोलण्याच्या वेळी कूलर बंद, घामाने चिंब होऊन आम्ही "माकड झाडावर चढलं" करायचो. फरशी उघडी आणि भिंती मोकळ्या असल्या की आवाज घुमतो म्हणून सासूबाईंनी पेटीतल्या दोन जुन्या सतरंज्या काढल्या, जाड पडदे लावले. टीव्ही विनाकारण चालू ठेवायचा नाही, हे सासऱ्यांना सगळ्यात जड गेलं.

शेजारच्या घरात तीन मुलं आहेत, सगळा वेळ जिन्यात खेळत असतात. हिंदी ठकूला त्यांनी शिकवली, आम्ही काहीच केलं नाही. एक दिवस आली आणि म्हणाली, "आज्जी, पानी गिर गया, पुस ना." चला, म्हणलं, इंदूरची मराठी पूर्ण झाली.

आता एक गोष्ट लिहिल्याशिवाय मला राहवणार नाही कारण यावर लोक फार भांडतात. मशीन काढलं की ठकू बहिरीच आहे. आंघोळीला, झोपताना, पोहताना, बॅटरी संपल्यावर. रंगपंचमीला राजवाड्यावर गेर निघते, तोफांनी रंगाचं पाणी उडवतात, लाखोंची गर्दी, तिथे मशीन नेणं म्हणजे वेडेपणा, म्हणून यंदा ते घरी डबीत ठेवून तिला बापाच्या खांद्यावर नेलं. मला वाटलं घाबरेल. तिने दोन्ही हात वर करून त्या ढोलांच्या थरथरीवर असा काही धिंगाणा घातला की बस. आणि त्या गर्दीत आम्ही तिघं हाताने बोललो, भूक, पुरे, घरी, बाबा, अजून. आमच्या घरच्या खुणा आहेत त्या, खरी साइन लँग्वेज नाही. ती आता मी शिकणार आहे. "खुणा केल्या की मूल बोलायचं राहतं" हे मला पहिल्या ठिकाणी ऐकवलं होतं, मी ते मानत नाही. ज्यांना मशीनचा उपयोग होत नाही, किंवा ज्यांना ते नकोच आहे, ते खुणांच्या भाषेत कविता करतात, वकिली करतात. आम्ही बोलण्याचा रस्ता घेतला कारण आमच्या घरात सगळे बोलणारे होते आणि वेळेत मशीन मिळालं. एवढंच.

ठकूचं कानाचं वय आता दोन वर्षांच्या जरा पुढे आहे, स्वतः ती चार पार. अडखळते, ळ आणि ड चा ल करते, पाहुण्यांना अर्धं कळत नाही. पण गेल्या महिन्यात वरच्या मजल्यावरच्या काकू डब्यात गुलाबजाम घेऊन आल्या. मी "अरे वा, कशाला त्रास" वगैरे म्हणतेय, आणि ठकू डब्यात डोकावून मोठ्याने म्हणाली, "आज्जी म्हन्ली, दगल."

खोलीत शांतता.

सासूबाई ते दिवाळीत म्हणाल्या होत्या, फोनवर, आपल्या बहिणीला, आतल्या खोलीत. ठकू बाहेर ब्लॉक्स खेळत होती, तिला कोणी काही शिकवत नव्हतं, तिच्याकडे कोणी बघतही नव्हतं. ऐकणारी मुलं बहुतेक सगळी भाषा अशीच उचलतात, दुसऱ्यांच्या बोलण्यातून, आणि आमच्या मुलांच्या वाट्याला नेमकं हेच येत नाही, म्हणून तर तो सगळा डब्यात-डब्यावरचा खटाटोप. काकूंना मी काय सांगितलं ते आठवत नाही, "दगडूशेठ" वगैरे काहीतरी बडबडले बहुतेक. त्या गेल्यावर जिन्यात जाऊन ताईंना व्हॉइस मेसेज पाठवला, हसू आणि रडू एकदम येत असल्यामुळे तो त्यांना तीनदा ऐकावा लागला.

सासूबाई दोन दिवस मला म्हणत होत्या, "तूच शिकवलंस ना तिला?" आता त्या बहिणीला फोन करायचा असला की गॅलरीत जातात, दार ओढून घेतात, खालच्या आवाजात बोलतात. आणि ठकू येऊन, मशीन ज्या बाजूला आहे ना, तोच कान दाराला लावून उभी राहते.